मोठे चाक, लहान चाक

विज्ञान दिनानिमित्त एका तालुक्याच्या गावातील शाळेत 'सायकलीतले विज्ञान' या विषयावर बोलायला गेलो होतो. विषय सोपा आणि मुलांच्या रोजच्या ओळखीचा, त्यामुळे फारशी तयारी केली नव्हती. फळ्यावर एक वर्तुळ काढले, त्याच्यापुढे एक पायरी काढली आणि चाक पायरीवर चढवायला किती जोर लागतो याचे गणित मांडले. चाकाची त्रिज्या जितकी मोठी तितका जोर कमी, हे सिद्ध झाले. 'म्हणून खडकाळ वाटेवर मोठे चाक चांगले,' असा निष्कर्ष काढून मी हात झटकले.

तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, "सर, मोबाइलवर मी सायकलीने खडकांवर उड्या मारणारी माणसं बघितलीत. त्यांच्या सायकलींची चाकं लहान असतात. आणि ती तर छातीएवढ्या कट्ट्यावर चढतात. मग ते कसं?"

मी उत्तर दिले, पण ते उत्तर नव्हते. त्या मंडळींचा सराव, त्यांची ताकद असे काहीतरी बोललो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळलो. मुलगा खाली बसला. त्याचे समाधान झालेले नव्हते हे मला दिसले, आणि माझेही झाले नव्हते. फळ्यावरचे सूत्र चुकलेले नव्हते. उलट तेच सूत्र सांगत होते की, पायरीची उंची चाकाच्या त्रिज्येइतकी झाली की चाक कितीही ओढले तरी वर चढणार नाही. वीस इंची चाकाची त्रिज्या पंचवीस सेंटीमीटर. मग मीटरभर उंचीच्या कट्ट्यावर ते चढते कसे?

या प्रश्नाचा माग काढता काढता सायकलीच्या दोनशे वर्षांच्या इतिहासात शिरावे लागले. तो इतिहास आणि शेवटी सापडलेले उत्तर असे दोन्ही येथे मांडतो.

चाक मोठे का झाले?

सायकलीच्या इतिहासाची सुरुवात बहुधा कार्ल ड्राइस या जर्मन गृहस्थापासून केली जाते. १८१७ सालच्या जून महिन्यात त्यांनी मानहाइम शहराबाहेर आपले 'धावयंत्र' चालवून दाखवले. लाकडी चौकट, एकामागे एक दोन सारखी लाकडी चाके आणि वळवता येणारे पुढचे चाक. पायडल नव्हते, जमिनीला पायांनी रेटा देत पुढे जायचे. येथे चाकाच्या आकाराचा संबंध फक्त माणसाच्या पायाशी होता. बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, एवढीच अट.

१८६० नंतरच्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाच्या आसालाच पायडल जोडण्यात आले. ही कल्पना नेमकी कोणाची यावर इतिहासकारांत वाद आहे. पिएर मिशो आणि पिएर लालमां ही दोन नावे पुढे येतात. लालमां यांनी १८६६ साली अमेरिकेत तिचे पेटंट घेतले. पायडल आसालाच असल्यामुळे पायडलची एक फेरी म्हणजे चाकाची एक फेरी. चाकाचा व्यास मीटरभर असेल तर एका फेरीत सायकल सुमारे ३.१ मीटर पुढे जाणार. माणसाचे पाय मिनिटाला ठराविक फेऱ्यांच्या पलीकडे सुखाने फिरत नाहीत. मग वेग वाढवायचा कसा? एकच मार्ग: चाक मोठे करा.

पण लाकडी आऱ्यांचे चाक मोठे केले की ते फार जड होते. बैलगाडीच्या चाकात भार खालच्या आऱ्यावर येतो आणि तो दाब सोसण्यासाठी आरा जाडच असावा लागतो. तारेचे चाक वेगळ्या तत्त्वावर उभे असते. त्यात सगळ्या तारा आधीच ताणून बसवलेल्या असतात. भार आला की खालच्या तारांचा ताण थोडा कमी होतो, एवढेच. बारीक तार दाबाला टिकत नाही, वाकते. ताणाला मात्र ती उत्तम टिकते. पॅरिसमधील यूजेन मेयर यांनी १८६९ साली अशा चाकाचे पेटंट घेतले. इंग्लंडमधील कॉव्हेन्ट्री गावच्या जेम्स स्टार्ली यांनी १८७० मध्ये 'एरियल' ही सायकल आणली आणि १८७४ मध्ये तारा तिरप्या, एकमेकींना छेदून बसवण्याची पद्धत शोधली. आपल्या आजच्या सायकलीच्या चाकातील तारा अजूनही तशाच असतात.

चाक हलके झाल्यावर ते वाढतच गेले. पुढचे चाक दीड मीटरच्या आसपास पोहोचले आणि मागचे नावापुरते उरले. वाढ थांबली ती माणसाच्या पायाच्या लांबीपाशी, कारण पाय पायडलपर्यंत पोहोचला पाहिजे. त्या काळी सायकल विकत घेताना गिऱ्हाइकाच्या पायाचे माप घेत असत, ते याचसाठी. ५४ इंची चाकाची सायकल एका फेरीत ४.३ मीटर जाई.

आज चित्रातली ही सायकल पाहून मुले हसतात. पण ती काढणारे लोक वेडे नव्हते. साखळीशिवाय वेग हवा असेल तर दुसरा मार्गच नव्हता. शिवाय त्या काळच्या खडबडीत रस्त्यांवर, भरीव रबराच्या टायरवर मोठे चाकच कमी धक्के देत असे. माझे फळ्यावरचे सूत्र या सायकलीला पुरेपूर लागू पडते.

मोठ्या चाकाचा दोष

या सायकलीत एक जीवघेणा दोष होता. स्वार पुढच्या चाकाच्या आसाच्या जवळजवळ वर बसलेला असे. चाक दगडाला अडले की स्वार हँडलवरून पुढे डोक्यावर आपटे.

याचे गणित साधे आहे. स्वार व सायकल यांचा मिळून जो गुरुत्वमध्य, त्याची जमिनीपासूनची उंची आणि पुढच्या चाकाच्या टेकण्याच्या बिंदूपासून त्याचे मागे असलेले आडवे अंतर, या दोन गोष्टी पाहायच्या. आडवे अंतर भागिले उंची, आणि त्याला गुरुत्वत्वरणाने गुणले, की वेग जास्तीत जास्त किती झपाट्याने कमी करता येईल ते मिळते. त्याहून जोरात थांबलात तर सायकल पुढे उलटणार. समजा, उंच सायकलीत गुरुत्वमध्य दीड मीटर उंच आणि फक्त पाव मीटर मागे आहे. भागाकार एक षष्ठांश. आजच्या साध्या सायकलीत तोच बिंदू सुमारे १.१ मीटर उंच आणि ०.६ मीटर मागे धरला, तर भागाकार निम्म्याहून थोडा जास्त येतो. म्हणजे साधी सायकल तिप्पट जोरात थांबवली तरी उलटत नाही.

हा भागाकार लक्षात ठेवा. पुढे तो पुन्हा भेटणार आहे, पण मागच्या चाकापाशी.

चाक लहान कसे झाले?

१८८० साली हान्स रेनॉल्ड यांनी इंग्लंडमध्ये नव्या धर्तीची रोलर साखळी तयार केली. साखळी आली आणि चाकाचा आकार व वेग यांची गाठ सुटली. पुढच्या दातेरी चक्राला जास्त दात आणि मागच्याला कमी दात ठेवले की पायडलच्या एका फेरीत चाकाच्या दोन-अडीच फेऱ्या होतात. १८८५ साली जेम्स स्टार्ली यांचेच पुतणे जॉन केम्प स्टार्ली यांनी 'रोव्हर' ही सायकल कॉव्हेन्ट्रीतच बनवली. जवळजवळ सारखी दोन चाके, मधोमध स्वार आणि मागच्या चाकाला साखळी. तिला 'सुरक्षित सायकल' म्हणत.

ती सुरक्षित होती, पण लहान चाकामुळे धक्के जास्त बसत. ही उणीव भरून काढली हवेच्या टायरने. बेलफास्टमध्ये राहणारे जनावरांचे डॉक्टर जॉन बॉयड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवा भरलेला टायर बनवला आणि १८८८ मध्ये त्याचे पेटंट घेतले. रॉबर्ट थॉमसन यांनी हीच कल्पना १८४५ मध्ये मांडलेली असल्याचे पुढे उघडकीस आले आणि डनलॉप यांचे पेटंट रद्द झाले. पण थॉमसन यांच्या काळात तिला गिऱ्हाईक नव्हते. लहान चाकाची सायकल आली तेव्हाच हवेच्या टायरची खरी गरज निर्माण झाली. शोध लागणे आणि त्याची गरज भासणे या दोन गोष्टी एकाच वेळी घडतात असे नाही, हे मुलांना सांगण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

याच सुमारास चौकट, म्हणजे फ्रेम, आपल्या ओळखीची झाली. चार कांबींची चौकट बिजागऱ्यांनी जोडली तर ती दाबताच तिरकी होते. तीन कांबींचा त्रिकोण मात्र बाजू वाकल्या-तुटल्याशिवाय आकार बदलत नाही. सायकलीची फ्रेम म्हणजे मागे एक त्रिकोण आणि पुढे जवळजवळ त्रिकोणच. सीट, पायडलचा आस, मागचा आस आणि हँडल या चार जागा माणसाच्या शरीराने ठरवल्या, आणि त्या सरळ नळ्यांनी जोडल्यावर हा आकार आला.

शरीर म्हणताना अर्थातच एका विशिष्ट उंचीचा, पॅन्ट घालणारा पुरुष डोळ्यांसमोर होता. साडी किंवा परकर घालणारीला आडवी दांडी अडचणीची. दांडी खाली उतरवलेली 'लेडीज सायकल' नंतर आली. आमच्या घरी वडिलांची चोवीस इंची फ्रेमची काळी सायकल होती. सीटवर बसलो तर पाय पायडलला पोहोचत नसत, म्हणून त्या त्रिकोणातूनच पाय घालून, अंग एका बाजूला काढून कैची चालवत आम्ही सायकल शिकलो. सायकल आमच्या मापाची नव्हती; आम्ही स्वतःला तिच्या मापाचे करून घेतले. सायकल कोणासाठी आहे हे फ्रेम बनवतानाच ठरत असते.

वीस आणि सव्वीस आले कुठून?

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. खडकांवर उड्या मारणाऱ्या त्या खेळाचे नाव 'ट्रायल्स'. त्याचा उगम मोटारसायकलींच्या खेळात आहे. ब्रिटनमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून अशा स्पर्धा होत. त्यात वेगाला महत्त्व नसते. खडक, ओढे, चिखल यांतून आखलेली वाट पाय जमिनीला न टेकवता पार करायची. परीक्षक बाजूला उभे राहून पाहणार आणि पाय टेकला की दंडाचा गुण देणार. १९६५ साली सॅमी मिलर यांनी बुल्टाको या स्पॅनिश मोटारसायकलीवर 'स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल' ही नामांकित स्पर्धा जिंकली. त्यानंतर स्पेनमध्ये, विशेषतः कॅटलोनिया प्रांतात, हा खेळ चांगलाच रुजला.

तेथील मोन्तेसा या मोटारसायकल कंपनीशी संबंधित असलेले पेरे पी हे स्वार आपला मुलगा ओत याला खेळ शिकवत होते. मुलगा लहान आणि मोटारसायकल जड. म्हणून इंजिनाविनाच, साध्या सायकलीवर सराव. १९८० च्या सुमारास यातून सायकल ट्रायल्स हा स्वतंत्र खेळ आकाराला आला. स्पेनमध्ये त्याला 'त्रियालसीन' म्हणत. अर्थ सरळ आहे, इंजिनाविना ट्रायल. ओत पी पुढे जगज्जेता झाला.

मुलांसाठी सुरू झालेला खेळ, म्हणून चाक मुलांचे: वीस इंची. हे चाक अमेरिकेत आधीच लोकप्रिय होते. श्विन कंपनीने १९६३ मध्ये 'स्टिंग-रे' ही मुलांची वीस इंची सायकल काढली होती आणि १९७० नंतर कॅलिफोर्नियातील मुले तिच्यावर मोटोक्रॉसची नक्कल करू लागली होती. त्यातून बीएमएक्स हा खेळ निघाला. भक्कम वीस इंची रिम व टायर त्यामुळे सहज मिळत.

सव्वीस इंची चाकाची गोष्टही अशीच आहे. श्विननेच १९३३ मध्ये जाड फुगीर टायरची सव्वीस इंची सायकल बाजारात आणली. वर्तमानपत्रे टाकणारी मुले ती वापरत. चाळीस वर्षांनी, १९७६ च्या सुमारास, कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात काही तरुण त्याच जुन्या सायकली डोंगरावर नेऊन मातीच्या उतारावरून सोडू लागले. जो ब्रीझ, गॅरी फिशर ही त्यांपैकी प्रसिद्ध नावे. जाड टायर फक्त सव्वीस इंचात मिळत, म्हणून पहिल्या माउंटन बाइकची चाके सव्वीस इंची झाली. माउंटन बाइक घेऊन जे ट्रायल्समध्ये उतरले त्यांच्याबरोबर हे चाकही आले.

म्हणजे या खेळातील दोन्ही मापे कोणी गणित करून काढलेली नाहीत. एक मुलांच्या सायकलीचे, दुसरे पेपर टाकणाऱ्या सायकलीचे. जे हाताशी होते ते घेतले. पुढे स्पर्धेच्या नियमांनी वीस इंची आणि सव्वीस इंची असे पुरुषांचे दोन गट केले आणि मापे पक्की झाली. माउंटन बाइक पुढे मोठ्या चाकांकडे गेल्या, पण ट्रायल्समध्ये सव्वीस इंच टिकून राहिले.

सूत्र कुठे थांबते?

आता माझी चूक कुठे झाली ते पाहू. पायरीच्या कडेभोवती फिरवण्याचा जोर, म्हणजे परिबल, मोजले तर सूत्र असे मिळते:

ओढ = चाकावरचा भार × √(२ × त्रिज्या × उंची − उंची²) ÷ (त्रिज्या − उंची)

१० सेंटीमीटर उंचीच्या पायरीसाठी चाकावरच्या भाराच्या किती पट ओढ लागते ते पाहा:

५४ इंची उंच सायकल, त्रिज्या ६८ सेंमी.: ०.६१ पट
२८ इंची साधी सायकल, त्रिज्या ३५.५ सेंमी.: ०.९७ पट
२६ इंची चाक, त्रिज्या ३३ सेंमी.: १.०३ पट
२० इंची चाक, त्रिज्या २५ सेंमी.: १.३३ पट

आकडे बरोबर आहेत. पण यात एक गृहीत दडलेले आहे: चाक पायरीला टेकून, लोळत वर चढणार. ट्रायल्सचा स्वार लोळत चढतच नाही. तो आधी पुढचे चाक उचलतो, मागच्या एका चाकावर उभा राहतो, पायडलला एक झटका देऊन स्वतःला वर फेकतो आणि सायकल मागून ओढून घेतो. त्याच्यासाठी सायकल ही गाडी कमी आणि पायाला बांधलेली स्प्रिंग जास्त. ज्या प्रश्नाचे उत्तर माझे सूत्र देते, तो प्रश्न त्याने बाजूलाच ठेवलेला असतो.

मग त्याला काय हवे असते? पुढचे चाक सहज उचलले जाणे. येथे मघाचा भागाकार परत येतो. या वेळी आडवे अंतर मोजायचे ते मागच्या चाकाच्या टेकण्याच्या बिंदूपासून पुढे असलेल्या गुरुत्वमध्यापर्यंतचे. ते भागिले उंची, गुणिले गुरुत्वत्वरण. एवढ्या त्वरणाने पुढे झटका दिला की पुढचे चाक उचलते. अंतर जितके कमी तितका झटका लहान पुरतो. स्वार मागे झुकून हे अंतर शून्य करतो तेव्हा तो मागच्या चाकावर स्थिर उभा राहू शकतो. उंच सायकलीत जो गुण माणसाला पुढे आपटत होता, तोच येथे मागच्या बाजूला मुद्दाम आणलेला आहे. दोष आणि गुण एकाच समीकरणात राहतात. कोणते काम करायचे यावर त्यांची नावे बदलतात.

फ्रेमची रचना

हे अंतर कमी ठेवायचे तर मागचा आस पायडलच्या आसाच्या जवळ हवा. पण मध्ये चाक असते. त्रिज्येहून जवळ आस आणता येत नाही. सव्वीस इंची चाकात हे अंतर ३८ सेंटीमीटरच्या आसपास ठेवता येते, वीस इंचीत ३५ च्या आसपास. लहान चाकाचा पहिला खरा फायदा हा आहे: तो फ्रेममुळे मिळतो. दोन्ही आसांमधील एकूण अंतरही वीस इंची सायकलीत सुमारे एक मीटर, तर सव्वीस इंचीत त्याहून सात-आठ सेंटीमीटर जास्त असते.

दुसरी गोष्ट पायडलच्या आसाची उंची. साध्या सायकलीत तो चाकांच्या आसांना जोडणाऱ्या रेषेच्या काही सेंटीमीटर खाली असतो. त्यामुळे सायकल चालवताना आपण दोन चाकांच्या 'मध्ये' बसल्यासारखे स्थिर असतो. ट्रायल्सच्या सायकलीत तो या रेषेच्या वर आणलेला असतो. स्वार सायकलीच्या 'वर' उभा असतो. ती मागे तोलणे सोपे जाते, आणि खडकावर पायडल वा साखळी आपटत नाही.

तिसरी गोष्ट सीट. स्पर्धेच्या सायकलीला ती बहुधा नसतेच. उडी मारण्यासाठी गुडघे पूर्ण वाकवून खाली बसावे लागते आणि सीट आड येते. सीट गेली की तिला धरणारी नळी उंच ठेवण्याचे कारण उरत नाही. १८९० च्या सुमारास सीट, हँडल आणि पायडल यांच्या जागांमुळे जो मोठा त्रिकोण तयार झाला होता, तो येथे चपटा होऊन हँडलपासून मागच्या आसापर्यंत जवळजवळ एका रेषेत येतो.

चौथी गोष्ट गिअर. पुढे १८ आणि मागे १२ दात असले तर वीस इंची चाकाची सायकल एका फेरीत सुमारे २.४ मीटर जाते. सव्वीस इंचीत १८ आणि १५ दात असले तर सुमारे २.५ मीटर. आपली साधी सायकल ४४ व १८ दातांची धरली तर साडेपाच मीटर जाते. ट्रायल्सची सायकल १८६० च्या दशकातील पायडलगाडीपेक्षाही हळू! वेग नको, झटका हवा, म्हणून. आणि झटका वाया जाऊ नये म्हणून फ्रीव्हील मागच्या चाकाऐवजी पायडलपाशी बसवतात व त्याच्या 'टकटक' बऱ्याच वाढवतात. एका फेरीत ७२ टकटक असतील तर पायडल जास्तीत जास्त पाच अंश मोकळे फिरते आणि लगेच पकडते.

आता चाकाच्या वजनाविषयी. चाक लहान असले की वेग लवकर घेते, असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. सरळ पुढे जाताना फिरणाऱ्या रिमची अडचण तिच्या वस्तुमानाइतकीच असते, त्रिज्येचा वेगळा परिणाम नसतो. पण हवेत असताना सायकल फिरवायची, हँडल झटकन वळवायचे, तर चाकाचे निरूढी परिबल आड येते. रिम व टायर सारख्याच जाडीचे धरले तर वस्तुमान त्रिज्येच्या प्रमाणात आणि निरूढी परिबल त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात वाढते. २६ भागिले २० म्हणजे १.३, त्याचा घन जवळजवळ २.२. सव्वीस इंची चाक वळवणे म्हणजे दुपटीहून अधिक अडचण. शिवाय लहान चाकाच्या तारा आखूड आणि जास्त तिरप्या असतात, म्हणून तिरके आपटले तरी चाक लवकर वाकडे होत नाही.

मोठ्या चाकाच्या बाजूनेही बोलले पाहिजे. ओबडधोबड नैसर्गिक खडकांवर ते फटींत अडकत नाही. उडी थोडी कमी पडली आणि टायर कडेला लागला तर मोठे चाक वर लोळण्याची शक्यता जास्त. येथे माझे सूत्र पुन्हा कामाला येते. सायकल लांब असल्यामुळे पुढचे चाक उंचावर टेकवता येते आणि उंच स्वाराला आखडून उभे राहावे लागत नाही.

मागच्या टायरमध्ये हवा मात्र दोन्हींत कमी ठेवतात. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो एकाच चाकावर आले आणि टायरमधील दाब दर चौरस सेंटीमीटरला दीड किलो असला, तर सुमारे ५७ चौरस सेंटीमीटर टायर खडकाला चिकटतो. दाब दुप्पट केला तर निम्माच. जाड टायर बसावा म्हणून वीस इंची सायकलीचे मागचे रिम साधारण एक इंचाने लहान, एकोणीस इंची घेतात. हीच युक्ती ट्रायल्सच्या मोटारसायकलीत दिसते: पुढे २१ इंची रिम, मागे १८ इंची आणि जाड टायर. पूर्वजाची खूण अशी शरीरात राहते.

मधले माप

दोन्ही गटांत न बसणारे चोवीस इंची चाक स्पर्धेबाहेर राहिले. पण १९६२ मध्ये ॲलेक्स मोल्टन यांनी सोळा इंची चाकांना रबराची स्प्रिंग जोडून मोठ्या माणसांची सायकल बनवली आणि मापाची रूढी मोडता येते हे दाखवले होते. तसेच काहीसे येथे घडले. एप्रिल २००९ मध्ये स्कॉटलंडच्या डॅनी मॅकॲस्किल या तरुणाची एडिंबरा शहरात चित्रित केलेली फीत जगभर पाहिली गेली. लोखंडी कुंपणाच्या टोकांवरून तो सायकल चालवत होता, आणि सायकल होती चोवीस इंची. त्याला खडक चढायचे नव्हते की गुण मिळवायचे नव्हते. शहरातील भिंती, कठडे, जिने हेच त्याचे मैदान. त्यासाठी लहान चाकाची चपळाई हवी आणि थोडे लोळणेही हवे. काम बदलले, माप बदलले.

वर्गात

वर्गात दोन गोष्टी सहज करता येतील. वेगवेगळ्या आकाराची दोन-तीन डब्यांची झाकणे घ्या. प्रत्येकाच्या मधोमध भोक पाडून खिळा घाला आणि माती चिकटवून सर्वांचे वजन सारखे करा. खिळ्याला दोरा बांधून ताणकाट्याने आडवे ओढत झाकण वह्यांच्या थप्पीवर चढवा. आकडे सूत्राशी ताडून पाहा. मग थप्पी त्रिज्येइतकी उंच करा आणि काय होते ते मुलांनाच पाहू द्या. सूत्र कुठे संपते हे डोळ्यांनी दिसते.

दुसरे म्हणजे, मुलांना आपापल्या सायकलींच्या टायरवरचे आकडे वाचायला सांगा. '२६' असे लिहिलेले दोन टायर एकमेकांच्या रिमवर बसतीलच असे नाही. एकाच्या रिमचे माप ५५९ मिलिमीटर असते, दुसऱ्याचे ५९०. आपल्या जुन्या '२८' इंची सायकलीचे रिम ६३५ मिलिमीटरचे आणि नव्या '२९' इंचीचे ६२२! नाव मोठे, रिम लहान. मोजल्याशिवाय नावावर विश्वास ठेवू नये, एवढे तरी यातून मुले शिकतील.

त्या शाळेतील विज्ञानाच्या बाईंना मी नंतर सविस्तर पत्र लिहिले आणि ते त्या मुलाला वाचून दाखवायला सांगितले. पहिल्याच ओळीत लिहिले होते की, त्याचा प्रश्न बरोबर होता आणि माझे उत्तर चुकीचे होते. काही दिवसांनी बाईंचे उत्तर आले. मुलाकडे धाकट्या भावाची जुनी वीस इंची सायकल आहे. तिची सीट काढून तो शाळेच्या मैदानावर पाय न टेकता एका जागी उभे राहण्याचा सराव करतो आहे. बाईंनी त्याला वेळ मोजायला घड्याळ दिले आहे. शेवटी त्याचा आणखी एक प्रश्न लिहिला होता: "सायकल चालत असताना पडत नाही हे समजतं, पण थांबलेली असताना ती कशामुळे उभी राहते?"

या वेळी मी लगेच उत्तर दिलेले नाही. आधी सायकल काढून मैदानावर गेलो आहे.